फासे शिकताना

लीळाचरित्रातला एक प्रसंग मी बरीच वर्षे वर्गात घाईने उरकत आले आहे. भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव द्यूताच्या नादी लागतो. एके दिवशी फार हरतो, जिंकणारे पैशासाठी अडून बसतात, आणि घरी येऊन तो पत्नीकडे, कमळाइसेकडे, तिचे दागिने मागतो. ती नाही म्हणते. त्या नकाराने त्याचे मन संसारावरून उडते. पुढे रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून तो घर सोडतो, बरोबरच्या माणसांना वाटेत मागे टाकतो आणि आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धपुराला गोविंदप्रभूंच्या पायाशी येऊन पोचतो. तिथून पुढचे चरित्र श्रीचक्रधरांचे. म्हाइंभटांनी ते तेराव्या शतकाच्या अखेरीस ह्याच ऋद्धपुरात बसून सिद्ध केले, आणि मराठी गद्याचा इतिहास आपण तिथून मोजायला लागतो. महाराष्ट्र शासनाचे मराठी भाषा विद्यापीठही आता त्याच गावी आले आहे.

एवढ्या महत्त्वाच्या ग्रंथातला इतका महत्त्वाचा प्रसंग मी का टाळत होते, ह्याचे कारण वाङ्मयीन नाही. ते अकोल्याच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरातले आहे. बाबा एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये कारकून होते आणि मटका खेळत. मी सहावीत असताना एका संध्याकाळी त्यांनी आईकडे तिच्या पाटल्या मागितल्या. आई पोळ्या लाटत होती. तिने वर न बघता सांगितले, ‘मी नाई देत. पोरींच्या लग्नाले लागतीन.’ बाबा उभ्याउभ्या निघून गेले. आमच्या बाबांना विरक्ती आली नाही. आठ दिवसांनी ते गावाकडच्या शेतावरून परत आले आणि नवव्या दिवसापासून पुन्हा आकडा लावू लागले. कमळाइसेच्या नकाराने मराठीला चक्रधर मिळाले, आईच्या नकाराने फक्त पाटल्या वाचल्या. (त्या माझ्या लग्नात मोडल्या.)

गेल्या वर्षी मोर्शीकडच्या एका विद्यार्थ्याने वर्गात सरळ विचारले, ‘मॅडम, तिनं दागिने देले असते तं?’ वर्ग हसला. मी ‘पुढे चला’ म्हणाले आणि पुढे गेले. प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. तो विचारणाऱ्या मुलाला, किंवा माझ्या विभागातल्या कोणालाही, एक गोष्ट ठाऊक नव्हती : त्याच्या बाईंनी स्वतः फासे खेळून पाहिले होते, पैसे लावून, परदेशातल्या एका कॅसिनोत. ती हकीकत सांगितल्याशिवाय त्या प्रश्नाकडे मला जाता येत नाही.

२०१९ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी धाकट्या बहिणीकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला गेले होते. तिथून गाडीने दोनेक तासांवर अटलांटिक सिटी. तिथे येणाऱ्या पाहुण्यांना ते शहर दाखवण्याची मराठी घरांत रीतच आहे. समुद्रकाठचा लाकडी फळ्यांचा लांबच लांब रस्ता पाहायचा, वारा खायचा आणि एखाद्या कॅसिनोत डोकावून यायचे. आपण लहानपणी जो ‘व्यापार’ खेळलो, त्याची मूळ अमेरिकन आवृत्ती १९३५ साली बाजारात आली तेव्हा तिच्या पटावरच्या रस्त्यांची नावे ह्याच शहरातली होती. म्हणजे फासे टाकून जागा विकत घेण्याचे शिक्षण आपण सर्वांनी ह्या शहराच्या नकाशावरूनच घेतले, फक्त नावे आपली घालून.

माझे मेहुणे आकडेवारीच्या धंद्यातले. जाण्याच्या आदल्या रात्री त्यांनी विचारले, ‘ताई, तुम्ही तिथे नुसत्या बघणार की खेळणार?’ माझ्या तोंडून ‘खेळणार’ कसे निघाले ते मला आजही सांगता येत नाही. पत्त्याला हात लावला तरी आई ज्या घरात डोळे वटारायची, त्या घरची मी. बहीण माझ्याकडे बघतच राहिली. जावईबुवांना मात्र उत्साह आला. ‘मग क्रॅप्स खेळा, दोन फाशांचा खेळ. पण आधी शिकून घ्या.’

त्यांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरले, मुलांच्या खेळातले दोन फासे आणले, आणि पैशांऐवजी राजमा आणि हरभरा : राजम्याचा दाणा पाच डॉलरचा, हरभऱ्याचा एक. नियम सांगण्याआधी त्यांनी मला पन्नास-साठ वेळा नुसते फासे टाकायला लावले आणि प्रत्येक बेरजेपुढे एक रेघ ओढायला सांगितली. थोड्या वेळाने कागदावर एक टेकडी उभी राहिली. मधोमध सात, दोन्हीकडे उतरत जाणारे सहा-आठ, पाच-नऊ, आणि टोकांना दोन आणि बारा, जेमतेम एकदोन रेघांचे. मी दहावीनंतर गणिताशी संबंध तोडलेली. मला ही टेकडी चमत्कारासारखी वाटली. कारण विचारले तर ते म्हणाले, ‘सात पडायचे सहा मार्ग आहेत, बाराचा एकच.’ मी भांडले. एक-सहा आणि सहा-एक हे दोन मार्ग कसे? बेरीज तीच, फासेही सारखेच. मराठीच्या प्राध्यापकाला शोभेल अशा हट्टाने मी दहा मिनिटे वाद घातला. शेवटी त्यांनी एक लाल आणि एक पांढरा असे फासे शोधून आणले. लाल एक आणि पांढरा सहा, लाल सहा आणि पांढरा एक. डोळ्यांना दिसल्यावर वाद संपला. छत्तीस घरांची चौकट, त्यातली सहा घरे साताची. हा खेळ शिकण्यातला अर्धा भाग एवढाच आहे.

उरलेला अर्धा असा. पहिल्या फेकीला सात किंवा अकरा पडले की लावणारा जिंकतो. दोन, तीन किंवा बारा पडले की हरतो. ह्यांखेरीज जी संख्या पडेल, म्हणजे चार, पाच, सहा, आठ, नऊ किंवा दहा, ती ‘पॉइंट’ होते. मग तीच संख्या पुन्हा पडेपर्यंत फासे टाकत राहायचे. ती आधी आली तर जिंकलात. तिच्याआधी सात आला तर हरलात, फासे पुढच्याच्या हातात गेले. म्हणजे पहिल्या फेकीला जो सात सोयरा, तोच दुसऱ्या फेकीपासून वैरी. नाटक शिकवणाऱ्यांना ह्या उलटापालटीचे वेगळे काही सांगायला नको. हिंदुस्थानी मनाला ती लगेच कळते, कारण दैव नावाचे पात्र आपल्याकडे असेच वागत आले आहे.

सगळा हिशेब मांडला तर सरासरीने ४९५ डावांत खेळणारा २४४ जिंकतो आणि २५१ हरतो. फरक साताचा. टक्क्यांत तो १.४१ येतो, आणि ह्या एवढ्याशा फटीतून कॅसिनोचे सगळे दिवे पेटतात. त्याच टेबलावर ‘पुढच्याच फेकीला सात पडेल’ अशीही पैज लावता येते, तिच्यात मात्र शंभरामागे जवळपास सतरा रुपये घराचे होतात, कारण सहांत एकदा येणाऱ्या गोष्टीला ते एकास चारच देतात. जावईबुवांनी मला बजावले, ‘ताई, मधल्या रंगीत चौकोनांकडे बघायचं नाही. कडेच्या पट्टीवर लावायचं. आणि शंभर डॉलर घेऊन जायचं, परत यायचं ते त्यांतल्या उरलेल्यांबरोबर.’ रात्री अकरापर्यंत मी राजम्याचे ढीग हरत-जिंकत होते. बहीण मधूनच येऊन बघत होती आणि काही न बोलता जात होती. तिलाही त्या पाटल्या आठवत असणार.

झोप येईना तेव्हा मी आपल्या भाषेतले फासे आठवू लागले. छक्केपंजे, डाव साधणे, पणाला लावणे, फासे उलटे पडणे. ‘पौबारा’ हे सोंगट्यांतले उत्तम दान. हिंदीत त्यावरून भरभराट झाली, मराठीत मात्र ‘पोबारा करणे’ म्हणजे पळ काढणे झाले. एकाच फेकीत शेजारच्या भाषेने लक्ष्मी पाहिली, आपण वाट पाहिली ती दाराची. आणि ‘दान’ हा शब्द तर किती वेळा वापरतो : ‘मनासारखे दान पडले.’ जे देऊन टाकायचे तेही दान आणि जे नशिबाने पदरात पडते तेही दान. हा शब्द कॅसिनोवाल्यांना ठाऊक असता तर त्यांनी दारावर लावला असता. असो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गर्दी कमी असते म्हणून आम्ही लवकर गेलो. फाशांचे टेबल दुरून बाथटबसारखे दिसते. उंच कड, आत हिरवे कापड, कापडावर छापलेल्या रेघा आणि चौकोन. एका बाजूला मधोमध वाकड्या काठीने फासे ओढणारा माणूस, त्याच्यासमोर पैशांवर नजर ठेवणारा बसलेला, त्याच्या दोन्ही बाजूंना देणेघेणे करणारे दोघे. शिकलेला धडा आणि खरे टेबल ह्यांत जे अंतर असते ते मला पहिल्याच मिनिटाला कळले : मी नोट माणसाच्या हातात देऊ लागले. ती हातात द्यायची नसते, कापडावर ठेवायची असते. हात फाशांच्या वाटेत आणायचा नसतो. फासे एकाच हाताने उचलायचे, दोन्ही हातांत घेऊन खुळखुळवायचे नाहीत. ते समोरच्या भिंतीवर आपटलेच पाहिजेत, आणि त्या भिंतीला रबराचे उंचवटे असतात ते फाशांना नीट उडवण्यासाठी. फासेही आपल्या पांढऱ्या गोलसर फाशांसारखे नव्हेत. लाल, पारदर्शक, धारदार कडांचे. त्यांत शकुनीला लपवायला जागाच नाही.

शकुनीचे नाव आले म्हणून सांगते. वडिलांच्या हाडांपासून फासे केल्याची कथा आपण सारे सांगतो, पण मूळ महाभारतात ती नाही. सभापर्वातला शकुनी फासे टाकतो आणि जिंकल्याचे सांगतो, डावामागून डाव. तो नेमके काय करतो हे व्यास उलगडून दाखवत नाहीत. आणखी एक गोष्ट मला त्या टेबलाशी उभी असताना प्रथमच नीट दिसली : तिथे फासे टाकणारा एक आहे आणि धन लावणारा दुसरा. पण दुर्योधनाचा, हात मामाचा. क्रॅप्समध्येही टाकणारा एकच असतो आणि भोवतालचे दहा-बारा अनोळखी लोक त्याच्या हातावर आपापले पैसे लावून उभे असतात.

माझी पाळी आली तेव्हा काठीवाल्याने पाच फासे पुढे सरकवले. त्यांतले दोन निवडायचे. मी निवडले, फेकले, आणि एक फासा टेबलाबाहेर उडून एका आजीबाईंच्या पर्सशी जाऊन पडला. हशा पिकला. कोणीतरी तो उचलून दिला, बसलेल्या माणसाने उलटसुलट करून तपासला. दुसऱ्या फेकीला नऊ पडले. नऊ हा माझा पॉइंट. मग सहा, मग पाच, मग अकरा (आता त्याचा उपयोग नाही), मग आठ. आणि मग नऊ. लोकांनी ओरडून टाळ्या वाजवल्या. डावीकडच्या एका दाढीवाल्या गृहस्थांनी मला काहीतरी आशीर्वादासारखे म्हटले. नवख्या बाईच्या हाताला गुण असतो अशी त्या टेबलावर श्रद्धा आहे, असे जावईबुवा मागून पुटपुटले. सात हा शब्दसुद्धा तिथे कोणी मोठ्याने उच्चारत नाही. आपल्याकडे रात्री सापाला ‘जनावर’ म्हणतात तसे.

पुढचा पॉइंट चार. चार पडायचे तीन मार्ग, साताचे सहा. म्हणजे एकास दोन माझ्या विरुद्ध. हे मला आदल्या रात्री पाठ झाले होते, राजमा मोजून पटले होते. तरी नवव्या-दहाव्या फेकीच्या सुमारास माझ्या मनात एक खात्री उगवली : आता चार येणार. इतका वेळ आला नाही, म्हणजे आता यायलाच हवा. ती खात्री डोक्यात नव्हती, तळहातात होती. फाशाला आठवण नसते, मागे काय पडले ते त्याला ठाऊक नसते, हे मी कोणालाही समजावून देऊ शकले असते. आणि त्याच वेळी माझा डावा हात उरलेल्या चकत्यांकडे गेला होता, मधल्या रंगीत चौकोनावर ठेवायला. जावईबुवांनी माझा हात धरला नाही, ते ताईंचा हात धरणाऱ्यांतले नाहीत. ते फक्त म्हणाले, ‘ताई, राजमा.’ मी हात मागे घेतला आणि फासे टाकले. पाच आणि दोन.

टेबलावर एक उसासा ऐकू आला. कोणी मला दोष दिला नाही. काठीने फासे गोळा झाले आणि पुढच्या माणसाकडे गेले. पुढच्या तासाभरात माझे शंभराचे चाळीस झाले, आणि मी ते चाळीस घेऊन बाहेर समुद्राकडे आले. साठ डॉलर गेल्याचे दुःख फारसे नव्हते. तळहातातली ती खात्री मात्र मला घाबरवून गेली होती. बाबांना रोज दुपारी हेच वाटत असणार, आणि त्यांच्यामागे ‘राजमा’ म्हणणारे कोणी नव्हते. आई होती, पण ती ‘नाही’ म्हणत होती, आणि ‘नाही’ हा शब्द त्या खात्रीला ऐकू जात नाही.

इथे मला नलोपाख्यानाकडे वळले पाहिजे, कारण खेळ शिकून खेळणाऱ्या माणसाची आपल्या परंपरेतली मोठी कथा तीच, आणि ती आमच्या वऱ्हाडाची आहे. दमयंती विदर्भाची. तिचे कुंडिनपूर म्हणजे तिवसा तालुक्यातले, वर्धेच्या काठचे कौंडण्यपूर, असे आम्ही मानतो. मराठीच्या विद्यार्थ्याला ती भेटते रघुनाथपंडितांच्या आख्यानात, आणि ते आख्यान नावाप्रमाणे स्वयंवरापाशी थांबते. हंस आहे, विरह आहे, लग्न आहे. फासे नाहीत. आमच्या अभ्यासक्रमाने नळाला नेहमी जिंकतानाच पाहिले.

महाभारतातला नळ पुष्कराशी खेळतो तो कलीने पछाडून. द्वापर फाशांत शिरलेला असतो. कली, द्वापर, त्रेता, कृत ही युगांची नावे होण्याआधी, किंवा त्याबरोबरच, फाशांच्या दानांची नावे होती. बेहड्याची फळे मूठभर घ्यायची आणि चारचाराने मोजायची. बाकी काही उरले नाही तर कृत, सगळ्यांत उत्तम. एक उरला तर कली, सगळ्यांत वाईट. आपण कलियुगात राहतो असे म्हणतो तेव्हा खरे तर पडलेल्या दानाचेच नाव घेत असतो. बेहडा आमच्या मेळघाटात पुष्कळ आहे. चिखलदऱ्याला सहलीला जाताना रस्त्याकडेला त्याची फळे पडलेली दिसतात आणि मुली ती खोकल्याचे औषध म्हणून गोळा करतात. चिखलदरा म्हणजे लोकांच्या समजुतीप्रमाणे विराटनगरी, कीचकाची दरी. विराटाच्या सभेत युधिष्ठिर कंक होऊन राहिला तो द्यूतनिपुण म्हणूनच. वनवासात बृहदश्व ऋषींनी त्याला नळाची कथा सांगितली आणि शेवटी अक्षविद्याही दिली. सर्वस्व हरून झाल्यावर धर्मराज खेळ शिकला.

नळ तो शिकतो रथात. बाहुक नावाचा सारथी होऊन तो ऋतुपर्ण राजाला कुंडिनपुराला घेऊन चाललेला असतो. वाटेत बेहड्याचे झाड लागते आणि राजा धावत्या रथातून त्या झाडाची पाने-फळे किती ते सांगतो. नळाला राहवत नाही. तो रथ थांबवतो, उतरतो, मोजतो. संख्या जुळते. ऋतुपर्ण म्हणतो, मी अक्षहृदय जाणतो आणि गणनेत निपुण आहे. मग नळाची अश्वविद्या आणि राजाची अक्षविद्या ह्यांची देवाणघेवाण होते. इयन हॅकिंग ह्या तत्त्वज्ञाने १९७५ साली संभाव्यतेच्या कल्पनेचा उगम शोधणारा ग्रंथ लिहिला, त्यात त्याने ह्या झाडापाशी थांबून नवल केले आहे : युरोपात पास्काल आणि फेर्मा ह्यांची पत्रे १६५४ सालची, आणि इथे कितीतरी आधी फाशांचे ज्ञान आणि झाडावरची पाने मोजण्याचे ज्ञान एकच मानले गेले आहे. अक्षहृदय मिळताच कली नळाच्या देहातून बाहेर पडतो आणि लपतो तो त्याच बेहड्यात. वर्तमानपत्रावर रेघांची टेकडी उभी राहिली त्या रात्री मला ही कथा पहिल्यांदा शब्दशः खरी वाटली. हिशेब कळला की अंगातले भूत उतरते, असे मला वाटले.

अटलांटिक सिटीहून परत आल्यावर मी कथेचा शेवट पुन्हा वाचला, आणि तिथे थबकले. पहिल्या द्यूतात सगळे हरल्यावर पुष्कर नळाला म्हणतो, आता दमयंतीला पणाला लाव. नळ लावत नाही. पछाडलेला, उघडा पडलेला, मूर्ख ठरलेला नळ तेवढे करत नाही. अंगावरच्या एका वस्त्रानिशी बाहेर पडतो. आणि अक्षहृदय शिकून आलेला नळ काय करतो? तो पुष्कराला आव्हान देतो, आणि आपण मिळवलेल्या धनाबरोबर दमयंतीलाही स्वतः होऊन पणाला लावतो. एकाच फेकीत तो जिंकतो, म्हणून आपण पुढे वाचत जातो. अज्ञानाने जे केले नाही ते ज्ञानाने केले. तिला विचारल्याचे कथेत कुठे नाही. युधिष्ठिराच्या सभेत द्रौपदीने प्रश्न विचारला म्हणून ती सभा आपण विसरू शकत नाही. दमयंती मात्र त्या डावात बोलतच नाही, कारण डाव जिंकला गेला. शिकून घेतल्याने माणूस सुटतो की जास्त मोठा पण लावायला धजावतो, हे मला आज नक्की सांगता येणार नाही. माझा डावा हात शिकल्यानंतरच त्या रंगीत चौकोनाकडे गेला होता.

आता बाबांची गोष्ट. मटक्याचा जन्म कापसाच्या पोटी झाला, हे वऱ्हाडातल्या माणसाने विसरू नये. न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचे उघडते आणि मिटते भाव तारेने मुंबईला यायचे आणि त्यांच्या आकड्यांवर पैजा लागत. तो मार्ग बंद झाल्यावर १९६२ च्या सुमारास मुंबईत कल्याणजी भगत ह्यांनी आणि त्यानंतर रतन खत्री ह्यांनी आकडे काढण्याची स्वतंत्र सोय केली. कापूस गेला, आकडा राहिला. बाबा दिवसभर गाठींची वजने लिहीत आणि संध्याकाळी पानठेल्यावर पट्टी लावत. एकेरी आकड्याला रुपयाला नऊ मिळत. आकडे दहा, देणे नऊपट. म्हणजे शंभरातले दहा रुपये लावतानाच गेलेले. अटलांटिक सिटीतल्या त्या कडेच्या पट्टीवर शंभरामागे दीड डॉलरसुद्धा जात नाही. जगातले श्रीमंत लोक स्वस्तात हरतात, आणि अकोल्याचा कारकून सातपट महाग हरतो, हे गणित मला जावईबुवांच्या टेबलावर समजले आणि त्या रात्री मी जेवले नाही.

कायद्याच्या बाबतीत एक गंमत सांगून टाकते. १९७६ साली न्यू जर्सीच्या मतदारांनी अटलांटिक सिटीत कॅसिनोला कौल दिला. त्याच साली गोव्यात जुगारबंदीचा कायदा झाला, ज्यात पुढे दुरुस्त्या होऊन मांडवीतल्या बोटींना वाट मिळाली. आणि त्याच साली महाराष्ट्राने चक्क कॅसिनो नियंत्रण व कराचा कायदा केला, जो सत्तेचाळीस वर्षे एक दिवसही अमलात आला नाही आणि २०२३ साली रद्द झाला. ह्या सत्तेचाळीस वर्षांत महाराष्ट्रात फासे पडले नाहीत, असे कायद्याची पुस्तके म्हणू शकतील.

बाबा जाऊन आता बारा वर्षे झाली. त्यांच्या पेटीत एक दोनशे पानी वही होती. मी ती कधी उघडली नव्हती. मोर्शीच्या त्या मुलाने प्रश्न विचारला त्या रविवारी मी ती काढली. बाबांचे अक्षर सुरेख, कारकुनी. तारीख, ओपन, क्लोज. पानेच्या पाने. बराच काळ न आलेल्या आकड्यांना लाल गोल. कुठे कुठे स्वप्नांच्या नोंदी : ‘साप दिसला’, ‘विहीर, पाणी वर’. त्यांच्यापुढे त्या त्या स्वप्नाचा आकडा. मी जावईबुवांची पद्धत लावली. कागदावर शून्य ते नऊ लिहिले आणि वहीतले पहिले एक हजार आकडे घेऊन एकेक रेघ ओढत गेले. दोन संध्याकाळी लागल्या. सगळ्यांत जास्त आलेला आकडा ११३ वेळा, सगळ्यांत कमी ८६ वेळा, बाकीचे मधे, शंभराच्या आसपास. टेकडीसुद्धा नाही, सपाट माळरान. बाबांनी कितीतरी वर्षे त्या माळरानात पायवाट शोधली.

मोजता मोजता आणखी एक लक्षात आले. शेवटचा रकाना पैशांचा होता आणि त्यात जिंकलेलेच पैसे होते. ४५, ९०, एकदा ४५०. हरलेल्या दिवसांपुढे रकाना कोरा. वही चाळणाऱ्याला वाटावे की हा माणूस कधी हरलाच नाही.

आई हल्ली माझ्याकडेच असते. ती शेजारी बसून गव्हातले खडे निवडत होती. मी तिला म्हटले, ‘आई, ह्यात हरलेले लिहिलेच नाहीत बघ.’ तिने चष्म्यातून वहीकडे पाहिले, हात लावला नाही.

‘हारलेले मी लिवत होती,’ ती म्हणाली. ‘कॅलेंडरवर. दुधाच्या हिशेबाखाली, बारीक. रोजचे.’

मला ती कॅलेंडरे आठवली. स्वयंपाकघरातल्या दाराआड टांगलेली, प्रत्येक चौकटीत दुधाची लिटरे आणि त्याखाली पेन्सिलीची एक बारीक संख्या. आम्ही दोघी बहिणी ती भाजीची समजत होतो. मी विचारले, ‘कुठे आहेत ती?’

‘रद्दीत देली. तुह्या बाबाच्या तेरवीच्या आधी.’ आणि ती पुन्हा गहू निवडू लागली.